वादळाच्या देवाची क्लेरिक होऊन खेळले : बाल्डर्स गेट ३ चा रिव्ह्यू

बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेमचे रिव्ह्यू ढिगाने पडलेत, २०२३ चा गेम ऑफ द इयर वगैरे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ग्राफिक्स कसे, स्टोरी किती तासांची, रोमान्स कुणाशी करावा यात मी पडतच नाही. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय आणि ती म्हणजे टॅलॉस. हा गेम वादळाच्या देवाची भक्त म्हणून खेळला तर कसा वाटतो हे मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या बघण्यात आलं नाही, आणि माझं या देवावर मनापासून प्रेम बसलंय, म्हणून हा प्रपंच.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॅलॉस हा फरगॉटन रेल्म्स नावाच्या काल्पनिक जगातला वादळाचा देव. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर फासे टाकून खेळायचा गेम १९७४ पासूनचा, आणि हे जग त्या गेमसाठी म्हणून १९८७ साली पहिल्यांदा बॉक्समधे छापून बाजारात आलं. बाल्डर्स गेट ३ याच जगात घडतो आणि त्याच गेमच्या नियमांवर चालतो. त्यातलं देवमंडळ भलतंच मोठं आहे, प्रत्येकाकडे आपापलं खातं, म्हणजे शेती चॉन्टियाकडे, समुद्र अंबरलीकडे, थंडी ऑरिलकडे आणि वादळ, वीज, नासधूस हे सगळं टॅलॉसकडे. त्याचं चिन्ह म्हणजे एका बिंदूतून तीन दिशांना फुटलेल्या तीन विजा. एक डोळा गेलेला, त्यावर पट्टी. अंबरली, ऑरिल आणि मलार नावाचा एक शिकारी देव, या तिघांना घेऊन त्याची चौकडी आहे, तिला संतापाचे देव म्हणतात, आणि या चौघांची पूजा लोक करतात ती भीतीपोटी. आमच्यावर कोपू नकोस बाबा, एवढंच मागणं.

आता ही खातेवाटपाची गंमत बघा, गंमत कसली, अन्यायच आहे. पाऊस चांगला झाला, पीक आलं की श्रेय चॉन्टियाला. छप्पर उडालं, जहाज बुडालं की नाव टॅलॉसचं. पावसातलं चांगलं ते सगळं दुसऱ्याच्या नावावर आणि वाईट तेवढं त्याच्या माथी. ज्या माणसाने जूनमधे आभाळाकडे डोळे लावून बसलेलं घर पाहिलंय त्याला ही वाटणी पटणं शक्यच नाही, निदान मला तरी पटत नाही. आणि या गेमचं मोठेपण माझ्या मते हेच आहे की कथेत टॅलॉसच्या वाट्याला जे आलं नाही ते खेळाच्या नियमांनी त्याला मिळवून दिलंय. खेळायला लागलात की पाऊस आणि वीज दोन्ही तुमच्या हातात असतात आणि पावसाशिवाय वीज अर्धीच आहे हे बोटांनाच कळायला लागतं.

कसं ते सांगते. कॅरेक्टर बनवताना क्लेरिक, म्हणजे देवाकडून ताकद मिळणारी भक्त, हा क्लास घ्यायचा, त्यात टेम्पेस्ट डोमेन, म्हणजे वादळाची शाखा, आणि देवांच्या यादीत टॅलॉस. टेम्पेस्टवाल्यांना पहिल्या लेव्हललाच जड चिलखत आणि सगळी मोठी हत्यारं वापरता येतात, म्हणजे मागे उभं राहून जखमा बऱ्या करणारी क्लेरिक व्हायची गरजच नाही, बिनधास्त पुढे जाऊन उभं राहायचं. कुणी जवळ येऊन मारलं की राथ ऑफ द स्टॉर्म नावाची रिअ‍ॅक्शन असते, मारणाऱ्याच्याच अंगावर वीज कडाडते. यात एक समाधान आहे, मला हात लावलास ना, आता भोग, असं.

पण खरी मजा दुसऱ्या लेव्हलला सुरू होते. तिथे मिळतं डिस्ट्रक्टिव्ह राथ. हे वापरलं की विजेचं किंवा गडगडाटाचं डॅमेज फाशांवर सोडायचं नाही, जेवढं जास्तीत जास्त होऊ शकतं तेवढंच होतं. थंडरवेव्ह हा स्पेल, म्हणजे मंत्र, आठ बाजूंच्या दोन फाशांचा आहे, एरवी कधी चार येतात कधी अकरा, इथे सरळ सोळा. आणि थंडरवेव्ह समोरच्याला मागे ढकलतो, त्यामुळे कड्याच्या टोकावर उभे राहून बाण मारणारे गॉब्लिन असतात ना त्यांचा प्रश्न कायमचा मिटतो. एक टिप देते, रिअ‍ॅक्शनच्या टॅबमधे जाऊन डिस्ट्रक्टिव्ह राथला आधी विचारण्याचं सेटिंग लावून ठेवा, नाहीतर चिल्लर उंदरावर खर्च होऊन बसेल आणि बॉस समोर आला की हात रिकामे. सुरुवातीला हे एकदाच वापरता येतं, सहाव्या लेव्हलपासून दोनदा, पण शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, घेतली की परत भरतं त्यामुळे फार काटकसर करत बसू नका.

पाचव्या लेव्हलला कॉल लाइटनिंग येतो आणि मग मात्र टॅलॉस खऱ्या अर्थाने प्रसन्न होतो. हा क्रम मी कितीही वेळा केला तरी कंटाळा येत नाही म्हणून नीट लिहिते. आधी पार्टीतल्या, म्हणजे आपल्या टोळीतल्या, कुणाकडून तरी क्रिएट वॉटर टाकायचा, हा पहिल्या लेव्हलचा साधा स्पेल, बहुतेक लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. शत्रूंच्या डोक्यावर एवढासा पाऊस पडतो, आगी विझतात, पायाखाली पाणी साचतं आणि भिजलेल्या प्रत्येकाला वेट ही स्थिती लागते. वेट असलेल्याला वीज आणि थंडी दुप्पट लागते. मग तुमचा टर्न. कॉल लाइटनिंग म्हणजे दहा बाजूंचे तीन फासे, एरवी सरासरी साडेसोळा. डिस्ट्रक्टिव्ह राथ लावला की पूर्ण तीस. समोरचा भिजलेला, म्हणून दुप्पट, साठ. गेमच्या तीन अंकांपैकी पहिल्याच अंकात साठ म्हणजे काय हे ज्यांनी खेळलंय त्यांना सांगायला नको, समोरचे बहुतेक जण तिथेच आडवे. आणि कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल चालू ठेवणारी एकाग्रता, टिकलं तर पुढचे दहा टर्न स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायचा मोजका कोटा, न घालवता दर टर्नला नवी वीज पाडता येते.

डोळ्यांना काय दिसतं तेही सांगते कारण हे आकड्यांपेक्षा भारी आहे. स्पेल टाकताना कॅरेक्टरचा हात वर जातो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग वरून पांढरी निळी रेघ खाली येते आणि पायाखालचं साचलेलं पाणी एकदम निळं होऊन थरथरायला लागतं, कारण त्या पाण्यातही आता करंट आहे, त्यात जो कुणी पाय ठेवेल त्याला झटका. वीज पडून गेली तरी जमीन काही टर्न तशीच धुमसत राहते. हेडफोन लावून खेळा, कडाका आधी कानात येतो मग छातीत.

याची दुसरी बाजू पण सांगायला हवी. करंट आलेलं पाणी आपला परका बघत नाही. तुमचा फायटर धावत जाऊन त्याच डबक्यात उभा राहिला तर त्यालाही तोच प्रसाद. म्हणून माझी कॅरेक्टर मी निळी ड्रॅगनबॉर्न, म्हणजे ड्रॅगनसारख्या दिसणाऱ्या माणसांतली, केली, निळ्या आणि ब्राँझ ड्रॅगनबॉर्नना विजेचं डॅमेज निम्मंच लागतं, वर तोंडातून वीजही सोडता येते, टॅलॉसच्या भक्ताला यापेक्षा योग्य वंश या गेममधे नाही असं माझं ठाम मत आहे. आणि पार्टीत आगीच्या स्पेलवर जगणारा विझर्ड, म्हणजे जादूगार, असेल तर आधीच बोलून घ्या, म्हणजे कुणी काय काय घ्यायचं ते बिल्ड आधीच ठरवा, कारण भिजलेल्याला आग निम्मीच लागते, तुम्ही पाऊस पाडणार आणि तो फायरबॉल टाकणार, दोघांचीही मेहनत पाण्यात. थंडीवाल्याशी मात्र मस्त जमतं. पाचव्या लेव्हललाच स्लीट स्टॉर्म पण मिळतो, मोठ्या जागेत गारा आणि बर्फ, शत्रू घसरून पडतात, आणि या गेममधे पडलं की कॉन्सन्ट्रेशन तुटतं म्हणून समोरच्या जादूगारांवर हा जाम उपयोगी आहे, फक्त आपली माणसं त्या बर्फाच्या चार हात लांब ठेवा.

आता मघाशी म्हटलं ते, पावसातलं चांगलं. पहिल्या अंकात वॉकीन्स रेस्ट नावाची एक सराय लागते, तुम्ही पोचता तेव्हा ती जळत असते आणि आत माणसं अडकलेली असतात. सगळे दार फोडायला धावतात, मीही धावले, पण आत गेल्यावर ज्वाळांनी वाट अडवलेली, तिथे तोच क्रिएट वॉटर टाकला की समोरची आग विझते आणि वाट मोकळी होते. तीच क्लेरिक, तोच देव, तोच स्पेल, जो लढाईत मारायची तयारी म्हणून टाकतो. गेम इथे थांबून तुमची पाठ थोपटत नाही, कुणी टॅलॉसचं नावही घेत नाही, पण माझ्यासाठी या अख्ख्या गेममधला वादळाच्या देवाचा सगळ्यात मोठा क्षण हा होता. ज्या देवाला लोक फक्त आग लावणारा, मोडणारा म्हणून ओळखतात त्याच्या भक्ताने पाऊस पाडून माणसं बाहेर काढली. नियमांमुळे कथा तयार होते म्हणतात ती ही अशी.

टेबलावर खेळणाऱ्यांसाठी एक दोन फरक. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांमधे वर ढग जमायला जागा नसलेल्या खोलीत कॉल लाइटनिंग चालत नाही, आणि बाहेर आधीच वादळ चालू असेल तर एक फासा जास्त मिळतो. गेममधे ही दोन्ही कलमं काढून टाकलीत, वीज गुहेतही पडते. सोयीचं आहे, मान्य, अंडरडार्क नावाच्या भुयारी जगात सगळा वेळ जमिनीखालीच काढायचा तर टेम्पेस्टवाल्यांनी काय हातावर हात ठेवून बसायचं का. पण खरं वादळ चालू असताना ताकद वाढावी हे वादळाच्या देवाला किती शोभून दिसतं, ते गेल्याचं मला वाईट वाटतं. दुसरं म्हणजे टेबलावर सतराव्या लेव्हलला टेम्पेस्ट क्लेरिक मोकळ्या आभाळाखाली उडायला लागते, इथे गेम बाराव्या लेव्हललाच संपतो म्हणून ते सुख नाही. आणि एक महत्त्वाची गोष्ट, २०२४ साली जे नवं मुख्य नियमपुस्तक आलं त्यात क्लेरिकला लाइफ, लाइट, ट्रिकरी आणि वॉर एवढीच चार डोमेन आहेत, टेम्पेस्ट नाही. म्हणजे नव्याने टेबलावर येणाऱ्या मुलांना वादळाच्या देवाचं डोमेन मुख्य पुस्तकात सापडणारच नाही, त्यांना ते भेटेल ते या गेममधे. एवढ्यासाठी सुद्धा हा गेम घ्यावा असं मी म्हणेन.

बिल्डच्या बाबतीत लोक तुम्हाला सांगतील की टेम्पेस्टच्या दोनच लेव्हल घ्या आणि उरलेल्या दहा स्टॉर्म सॉर्सररच्या, म्हणजे रक्तातच जादू असलेल्या क्लासच्या. आकडे बघितले तर ते बरोबर आहे, लाइटनिंग बोल्ट सहा बाजूंच्या आठ फाशांचा, म्हणजे पूर्ण अठ्ठेचाळीस, भिजलेल्यावर शहाण्णव, आणि सॉर्सररला क्विकन, म्हणजे स्पेल झटपट उरकणं, करता येतं, त्यामुळे एकाच टर्नमधे आधी पाऊस मग वीज दोन्ही स्वतःच. ज्यांना बॉस एका फटक्यात पाडायचाय त्यांनी खुशाल करा. मी मात्र पूर्ण बारा लेव्हल क्लेरिकच राहिले. देवाकडून घेतलेली वीज आणि रक्तातच असलेली वीज यात माझ्या मते फरक आहे, आणि मला पहिली हवी होती. सहाव्या लेव्हलला विजेने मारलं की समोरचा ढकललाही जातो, आठव्याला हत्याराच्या वारातही गडगडाट येतो, हत्यार घेऊन पुढे उभं राहणारीला हे भरपूर आहे.

गेममधे साथीला मिळणारी क्लेरिक म्हणजे शॅडोहार्ट, तिलाच टेम्पेस्ट करा असंही बरेच जण सुचवतात, कॅम्पवरच्या विदर्सला शंभर सोन्याची नाणी दिली की कुणाचाही क्लास बदलता येतो. होतं ते, लढाईत छान चालतं. पण तिची देवी शार, ती काही क्लास बदलून बदलत नाही, म्हणजे अंधाराच्या देवीची भक्त वादळ फेकतेय. मला ते रुचलं नाही. टॅलॉसची भक्ती करायची तर स्वतःची कॅरेक्टर बनवा.

आता जिथे गेम कमी पडतो ते. तिसऱ्या अंकात बाल्डर्स गेट शहराच्या बंदरावर अंबरलीचं देऊळ आहे, पाण्याच्या राणीचं घर. हे देऊळ इतकं मन लावून केलंय की मी आत जाऊन बराच वेळ नुसती फिरत होते. पाणी, पुजारणी, खलाशांच्या जिवाची भीती, देवीला वाहिलेल्या वस्तू. मला लगेच नारळी पौर्णिमा आठवली, कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात ती. पण आपल्याकडे त्या नारळात भीती आहे तशी कृतज्ञताही आहे, पोटाला देणारा तोच, मग पावसाचा जोर ओसरल्यावर होड्या पाण्यात लोटायच्या आधी त्याला मान. अंबरलीच्या देवळात पोटाला देणारी ही बाजूच दिसत नाही, सगळं लाच दिल्यासारखं, घे आणि आम्हाला बुडवू नकोस. ते त्या जगाच्या नियमाला धरूनच आहे म्हणून मी त्याला चूक म्हणत नाही, पण मनात आलं ते लिहिलं.

आणि तिला एवढं देऊळ तर टॅलॉसला काय, तर जवळजवळ काहीच नाही. देव निवडताना यादीत नाव आहे, अधेमधे एखादं वाक्य बोलायला मिळतं, बास. संतापाच्या चौघांमधला म्होरक्या हा, आणि त्याच्या भक्ताला त्याच चौघांतल्या एकीच्या देवळात उभं राहून मनासारखं बोलायला मिळू नये? मी तिथल्या पुजारणीशी मुद्दाम बोलत बसले, काहीतरी ओळख दाखवतील, निदान नाक मुरडतील, पण मला तसं काही मिळालं नाही. दुसऱ्या काही देवांच्या क्लेरिकना कथेत किती मानाने वागवलंय, विशेषतः चंद्राची देवी सेलुनेच्या, ते बघितलं की हे जास्तच खुपतं.

हवामानाचंही तेच. या गेममधे दिवसाची रात्र स्वतःहून होत नाही, कॅम्पवर झोपायला गेलात तरच रात्र, आणि आभाळही बदलत नाही, जिथे ऊन आहे तिथे ऊनच. वादळाच्या देवाची भक्त तीन अंक फिरते आणि तिच्या डोक्यावर एकदाही आपसूक ढग जमत नाहीत. पाऊस पाडायचा तर तिनेच. एका अर्थाने हे मला आवडलंसुद्धा, जगात जेवढा पाऊस आहे तो सगळा माझ्या हातून पडला, पण अचानक आभाळ भरून आलं असतं आणि त्या दिवशी माझी वीज जरा जास्त जोरात पडली असती तर मी खुर्चीतून उठून नाचले असते.

शहराखाली एक ड्रॅगन भेटतो, जास्त सांगत नाही, ज्यांनी खेळलं नाही त्यांचा मजा घालवायचा नाही. तो स्वतःच विजेचा आहे, त्याच्यावर आपली वीज चालत नाही आणि तो जेव्हा सगळा दम एकवटून वादळ सोडतो तेव्हा खांबाआड लपलं नाही तर अख्खी पार्टी संपते. इथे टेम्पेस्टवाल्यांनी गडगडाटावर भर द्या, शॅटर, डिस्ट्रक्टिव्ह वेव्ह, आणि हातातलं हत्यार. वादळाच्या भक्ताने समोरून येणारं वादळ बघत खांबाआड उभं राहायचं, ही लढाई मला सगळ्यात जास्त आवडली.

पैशाचं आणि मशीनचं बोलते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आपल्याकडे २,९९९ रुपयांना आला होता, सेलमधे कमी होतो. १५० जीबी जागा लागते आणि तीही एसएसडीवर, रॅम कमीत कमी ८ लिहिलीय पण १६ असेल तरच नीट वाटतं, तिसऱ्या अंकात शहर गजबजलेलं असल्यामुळे प्रोसेसरवर बराच ताण येतो. पीसीशिवाय पीएस ५ आणि एक्सबॉक्सवरही आहे. भाषांची यादी लांबलचक आहे, तुर्की आहे, युक्रेनियन आहे, पण मराठी सोडा, एकही भारतीय भाषा नाही, संवाद भरपूर वाचावे लागतात त्यामुळे घरातल्या ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासोबत बसून सांगत सांगत खेळावं लागेल. तसंही खेळून बघा, छान रंगतं.

पाचात साडेचार देते. टेम्पेस्ट क्लेरिकच्या नियमांना पाचपैकी पाच, कापलेला अर्धा टॅलॉसच्या नसलेल्या देवळाचा. सप्टेंबर २०२४ च्या सातव्या पॅचपासून, म्हणजे अपडेटपासून, मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममधे घातलेली भर, बनवायची अधिकृत साधनं मिळतात, एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमधे बारा नवे सबक्लास आले, म्हणजे दार अजून उघडं आहे. मॉड करणारं कुणी हे वाचत असेल तर विनंती आहे, टॅलॉससाठी एक छोटंसं ठाणं करा, देऊळ नको, टेकडीवर नुसता उघडा दगड चालेल, त्यावर तीन विजा कोरलेल्या आणि समोर पाणी ओतायला जागा. टेक्स्ट लिहायला कुणी हवं असेल तर मी तयार आहे, कमेंटमधे सांगा.